सायगॉनचा पॅलेस की हनोईचं लाकडी घर? एकच बघायचं असेल तर

मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट सुरू झाल्यापासून ओळखीतलं निम्मं पब्लिक व्हिएतनामला जाऊन आलंय आणि जाण्याआधी प्रत्येकाचा प्रश्न सेम, सहा-सात दिवसांत हनोई पण आहे सायगॉन (म्हणजे आताचं हो ची मिन्ह सिटी) पण आहे, मग राष्ट्राध्यक्षांची घरं दोन्हीकडे बघायची की एकावर भागवायचं? मी दोन्ही केलीत, आईला घेऊन, त्यामुळे गुडघ्यांचा हिशोबही सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते, एकच करायचं तर सायगॉन. कारण साधं, तिथे तुम्ही घरात शिरता. इंडिपेंडन्स पॅलेस म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांचं घर आणि ऑफिस. 1962 मध्ये त्यांच्याच एअरफोर्सच्या दोन पायलटांनी जुन्या फ्रेंच वाड्यावर बॉम्ब टाकले, मग तो पाडून हा बांधायला घेतला, 1966 ला पूर्ण झाला, पण ज्या राष्ट्राध्यक्ष दिएमनी काम काढलं ते 1963 मध्येच मारले गेले, राहायला आले नंतरचे राष्ट्राध्यक्ष थिउ. 30 एप्रिल 1975 ला उत्तर व्हिएतनामचे रणगाडे गेट तोडून आत आले आणि युद्ध संपलं. आतलं सामान बघून वाटतं तेव्हापासून कोणी खुर्ची हलवली नाहीये. मीटिंगची लांबलचक टेबलं, पत्त्यांची खोली, खाजगी थिएटर, आणि एका ठिकाणी चक्क हत्तीचे कापलेले पाय शोभेला ठेवलेत, आई तिथून तोंड फिरवून पुढे गेली. गच्चीवर हेलिकॉप्टर, आणि त्याच एप्रिलच्या 8 तारखेला जिथे बॉम्ब पडले तिथे लाल गोल रंगवलेत. पण खरी मजा तळघरात. अरुंद बोगद्यासारखे पॅसेज, लोखंडी दारं, भिंतीवर युद्धाचे नकाशे, टेबलांवर डायल फिरवायचे फोन रांगेने, बाजूला वायरलेसची मोठाली मशीनं. माझा मुलगा एरवी म्युझियममध्ये दहा मिनिटांत "चल ना" करतो, तो इथून हलेना. मात्र जिने खूप आहेत आणि उकाडा आहे, आई दोन मजले करून खाली बागेत जाऊन बसली.

हनोईचं प्रकरण उलटं. फ्रेंचांनी गव्हर्नर जनरलसाठी बांधलेला पिवळा धमक राजवाडा आहे, पण तो फक्त लांबून बघायचा, आत सोडत नाहीत. उत्तर व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांनी त्यात राहायला नकार दिला, 1954 पासून आधी त्याच आवारातल्या इलेक्ट्रिशियनच्या घरात राहिले, मग 1958 मध्ये खांबांवरचं लाकडी घर बांधून घेतलं. वर दोनच खोल्या, खाली मोकळी बैठक, समोर माशांचं तळं. पलंग, टेबल, पुस्तकं, झालं. तेसुद्धा बाहेरून रांगेत चालता चालता बघायचं, मागचा ग्रुप ढकलतच असतो. आम्ही दहाला पोचलो ती चूक, सकाळी उघडताच गेलात तर त्या जागेची शांतता तरी मिळेल. चालायला सपाट, सावली भरपूर, आईला हेच जास्त आवडलं. दुपारी मधे बंद असतं, ते बघून जा.

तिकीट दोन्हीकडे खिशाला जाणवत नाही. टीनएजर मुलं किंवा इतिहासवेडा नवरा बरोबर असेल तर सायगॉन, तीन तास ठेवा, टूरवाले एका तासात गुंडाळतात ते ऐकू नका. ज्येष्ठ मंडळी असतील, आणि जवळची हो ची मिन्हची समाधी नि एकखांबी पॅगोडा पण करायचा असेल तर हनोई. समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद, बाकी दिवशी फक्त सकाळी, आणि शॉर्ट्स घालून आत सोडत नाहीत. वेळ उरला तर पुढे तळ्याकाठच्या त्रान क्वोक पॅगोडात जा, तिथला बोधिवृक्ष 1959 मध्ये आपल्या राजेंद्र प्रसादांनी दिलेला, आई त्याच्यासमोर चांगली पाच मिनिटं हात जोडून उभी होती.

आणि हो, व्हिएतनामी नेत्याने शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून अमेरिकेला हरवलं हा जो फॉरवर्ड फिरतो ना, त्याचा उल्लेख मला दोन्हीकडे कुठेच दिसला नाही. आमच्या ग्रुपमधल्या काकांनी गाइडला विचारलं, तो नुसता हसला.