तळपायाची कमान दुखते तेव्हा: इनसोल घ्यावा की पोटरीचा व्यायाम करावा?

पहाटे अंथरुणातून उठून पहिले पाऊल फरशीवर टेकताच टाचेच्या जरा पुढे, तळपायाच्या आतल्या बाजूला कळ येते आणि दहा-वीस पावलांत ती ओसरते. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोन फेऱ्या झाल्या की दुखणे विसरायलाही होते, पण संध्याकाळी तीच जागा पुन्हा ठणकू लागते. बेळगाव परिसरात नियमाने धावणाऱ्यांना ही तक्रार अनोळखी नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: कमानीला आधार देणारा इनसोल बुटात घाला, किंवा पोटरी आणि तळपाय बळकट करणारा व्यायाम करा. मी आधी पहिल्यावरच भिस्त ठेवली आणि एक अख्खा पावसाळा धावण्यावाचून गेला, म्हणून ही तुलना तपशिलाने मांडत आहे.

तत्पूर्वी दुखणे नेमके कोणते आहे याची खात्री हवी. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लांटार फॅशिया नावाचा जाड पट्टा असतो. पाऊल उचलताना बोटे वर वळली की तो ताणला जातो आणि कमान उचलून धरतो. वर वर्णन केलेली सकाळची कळ बहुधा याच पट्ट्याची असते. मात्र पावलाच्या वरच्या बाजूला हाडावर बोट दाबताच दुखत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल, मुंग्या किंवा जळजळ होत असेल, घोट्याच्या आत सूज असेल, किंवा मधुमेह असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाला बारीक चीर गेलेली असताना व्यायाम वाढवणे घातक ठरते.

इनसोलचा गुण असा, की आराम लवकर वाटू शकतो आणि रोज वेळ द्यावा लागत नाही. तयार इनसोल काही शेकड्यांत मिळतो, तर पायाचे माप घेऊन घडवलेल्याला काही हजार पडतात. हा फरक मोजण्याजोगा आहे का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील १३५ रुग्णांवरच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बऱ्यापैकी मिळते. तयार आणि मापाचा अशा दोन्ही इनसोलनी तीन महिन्यांपर्यंत थोडा फायदा दिला, पण बारा महिन्यांनी हे दोन्ही आणि नावापुरता दिलेला मऊ फोमचा इनसोल यांत फरक उरला नाही. त्यामुळे पहिल्याच महिन्यात मापाच्या इनसोलवर मोठी रक्कम घालावी, असे मला वाटत नाही.

व्यायामाची बाजू मला अधिक भक्कम वाटते, पण ती नीट समजून घ्यायला हवी. डेन्मार्कमधील ४८ रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना इनसोल दिले होते. एका गटाने तळपाय ताणण्याचा व्यायाम केला, तर दुसऱ्याने वजन वाढवत पोटरीचा. तीन महिन्यांनी दुसरा गट स्पष्टपणे पुढे होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे होते. म्हणजे व्यायामाने मुख्यतः वेळ वाचतो, आणि धावणाऱ्याला तीन महिने थोडे नसतात.

कृती सोपी आहे. घराच्या पायरीच्या कडेवर टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवावी, तिच्यावर पायाची बोटे वर वळतील अशा रीतीने एका पायाने उभे राहावे आणि भिंतीचा नुसता आधार घ्यावा. तीन सेकंदांत टाच वर न्यावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत खाली आणावी. असे बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवावे आणि दहा-दहाच्या चार फेऱ्या कराव्यात. शेवटची दोन-तीन आवर्तने खरोखर जड गेली पाहिजेत. सहज पन्नास वेळा होणारा व्यायाम इथे फारसा उपयोगी नाही. सुरुवातीला करताना थोडे दुखते, ते चालते. दुसऱ्या सकाळी कळ वाढली तर वजन कमी करावे.

धावणे पूर्ण बंद करण्याची गरज सहसा पडत नाही. आधी चढ सोडावेत: येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता पोटरीला जो ताण देतो, तो थेट या पट्ट्यापर्यंत पोहोचतो. घरात चप्पल न घालण्याची आपली रीत मला प्रिय आहे, तरीही या काळात कडक फरशीवर अनवाणी वावरू नये. अंथरुणाशेजारी जाड, मऊ तळाची स्वच्छ चप्पल ठेवावी. निपाणी-अथणीकडची चामडी चप्पल कितीही सुबक असली तरी तिचा तळ सपाट असतो, म्हणून काही आठवडे ती बाजूला ठेवलेली बरी. तळपायावर टेप चिकटवल्याने तात्पुरता आराम पडतो, पण इथल्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत तो टिकत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आराम थोड्या काळाचा असतो आणि पट्टा तुटण्याचा धोका राहतो, त्यामुळे धावणाऱ्याने तो पर्याय शेवटी ठेवावा.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी निवड तारखेवर ठरते. १.६ किलोमीटरची धाव तीन-चार आठवड्यांवर असेल, तर तयार इनसोल घ्यावा, सरावाचे अंतर घटवावे आणि व्यायाम हलका ठेवावा. तीन महिने हाताशी असतील, तर आजच पायरीवर उभे राहावे आणि इनसोल जोडीला वापरावा. वैद्यकीय तपासणीत बूट काढावे लागतात. तिथे पाय सपाट वाटला, तर चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान उमटते का आणि पाय लवचिक व वेदनारहित आहे का, हे पाहिले जाते; बुटातला इनसोल त्या क्षणी बाहेरच राहिलेला असतो.