तामियाचा वेदरिंग मास्टर सेट बी: आठ बॉक्सएनवर वापरून बघितला

मॉडेल जुनं, वापरलेलं दिसावं म्हणून (त्यालाच वेदरिंग म्हणतात) लावायच्या रंगांचा हा तामिया कंपनीचा सेट घेऊन चार महिने झाले आणि मॉडेल रेल्वेच्या आठ वॅगनवर वापरून झालाय, तर म्हटलं आता नीट लिहावं, कारण घ्यायच्या आधी मी मराठीत शोधत होतो तेव्हा कुठे काही सापडलं नव्हतं. माझ्याकडे एचओ स्केलचा (खऱ्याच्या १/८७ मापाचा) बॉक्सएन वॅगनचा छोटा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, आहे. बॉक्सएन म्हणजे तोच उघडा कोळशाचा डबा जो आपण वडोदऱ्याजवळच्या बाजव्याला फाटकापाशी थांबलो की एकामागून एक मोजत बसतो. तो नवाकोरा असला ना की पुढे कितीही भारी इंजिन लावा, गाडी खेळण्यातलीच वाटते.

डबी अगदी मेकअपच्या कॉम्पॅक्टसारखी, आत तीन वड्या, स्नो (बर्फासारखा पांढरा), सूट (काजळी) आणि रस्ट (गंज), आणि एक दुतोंडी काडी, एका टोकाला स्पंज आणि दुसऱ्या टोकाला ब्रश. सुट्या पावडरीपेक्षा हे जरा चिकटसर आहे, त्यामुळे टेबलभर उडत नाही आणि प्लास्टिकवर धरतं. मला हजाराच्या आत पडला. ज्याच्याकडून ऑनलाइन मागवला त्याने पॅकिंग फारच ढिसाळ केलं होतं, रस्टची वडी कोपऱ्यात फुटून आली, फोटो पाठवला तरी उत्तर नाही, पण चुरा गोळा करून वापरला, वाया गेला नाही.

पहिली वॅगन मी सेट आल्याच्या रात्रीच रंगवली. सगळीकडे रस्ट, वर थोडी काजळी, आणि मला वाटलं मस्त झाली. सकाळी बाबांना दाखवली. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत सीअँडडब्ल्यूला (कॅरेज अँड वॅगन विभागात) गेली, वॅगन तपासायचंच काम. त्यांनी चष्मा लावून उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "गंज लावलास, पण हिला मार कुठे बसलाय? अंगावर एक पोचा नाही आणि गंज मात्र सगळीकडे, असं कसं रे?"

मग त्यांनीच समजावलं. बॉक्सएनला मार वरून आणि आतून बसतो. भरताना लोडरची बादली वरच्या कडेला आदळते, तिथे कड वाकते. आत कोळशाचा दाब असतो, त्यात रिकामी करताना यंत्र आत घातलं की पत्रा बाहेर ढकलला जातो, पण उभ्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत, म्हणून दोन पट्ट्यांच्या मधला पत्राच फुगतो. टिपलरवर अख्खी वॅगन पकडून उलटी करतात, तिथे पकड बसते त्या जागेचा रंग आधी जातो. आणि रंग जिथे उडाला तिथून गंज सुरू होतो, मग पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळतो. म्हणजे आधी पोचा, मग गंज. मी बरोबर उलटं केलं होतं.

पोचे पाडायला या सेटचा काहीच उपयोग नाही हे उघड आहे, पण पोच्यांशिवाय सेटचा पैसा वसूल होत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आधी बोगी (चाकं बसतात ती खालची चौकट), चाकं, कपलर (डबे जोडायचा आकडा) सगळं काढून ठेवा. मग जिथे पोचा हवा तिथला पत्रा आतून ब्लेडने खरवडून निम्मा पातळ करा. मॉडेलची भिंत एक मिलिमीटर असली तर ती खऱ्या मापात ८७ मिलिमीटर होते, एवढा जाड पत्रा कुठल्या वॅगनला असतो? म्हणून वरची कड तर पातळ करायलाच हवी. मग हेअर ड्रायर फुल गरम करून थोडा वेळ तिथेच धरायचा आणि आतून स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून थंड होईपर्यंत धरून ठेवायची. हे प्लास्टिक साधारण १०० अंशाला नरम पडतं, घाई करू नका. मी दुसऱ्या वॅगनला हीट गन लावली आणि अख्खी बाजू पापडासारखी वळली, ती गेलीच. पोच्याची खोलीही त्याच हिशेबाने, अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्यात चारेक सेंटीमीटर, तेवढा भरपूर होतो. आणि प्रत्येक खणात पोचा नको, दोन-तीन खण सपाट सोडा, नाहीतर ते ठरवून केल्यासारखं दिसतं.

आता सेटकडे येतो. पोचे पाडलेल्या वॅगनवर आधी मॅट क्लिअरचा (चमक नसलेल्या पारदर्शक वार्निशचा) एक हात मारा, चकचकीत प्लास्टिकवर हे धरत नाही. मग फुगलेल्या भागाच्या टोकावर रस्ट स्पंजने टेकवायचा, घासायचा नाही, आणि ब्रशने फक्त खालच्या दिशेला ओढायचा. इथे हा सेट खरंच सुंदर काम करतो, रंगाची कड कुठे संपली ते कळतच नाही, ब्रशने रंग लावून मला हे कधी जमलं नव्हतं. सूट आतल्या बाजूला आणि तळाला, कोळशाची वॅगन आहे, तिथे हात सैल सोडा. स्नो आपल्याकडे कशाला असं वाटेल, पण त्याचा नखाएवढा चिमटा वरच्या अर्ध्या भागावर पुसला की उन्हाने विटलेला तपकिरी रंग मिळतो, आणि वडोदऱ्याचं ऊन बघता ते हवंच. वाकलेल्या कडेवर टोकदार पेन्सिल फिरवा, उघडं लोखंड दिसतं.

एक उणीव म्हणा, रस्टची एकच छटा आहे. ताजा गंज नारिंगी आणि जुना जवळजवळ काळपट चॉकलेटी असतो, तो फरक या एका वडीत येत नाही. त्यासाठी मी रावपुऱ्यातून कॅमलिनच्या ऑइल कलरच्या दोन ट्यूब आणल्या, बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर, टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून पोच्याच्या खालच्या कडेला एक थेंब, एवढंच.

दुसरं म्हणजे बोटं लागली की हे निघतं. वरून क्लिअर मारला तर निम्मा परिणाम गायब होतो, म्हणून थोडं जास्तच लावून मग मारायचा, किंवा मारायचाच नाही आणि वॅगन नेहमी टोकाला धरायची. मी दुसरं करतो. पावसाळ्यात तर स्प्रे करूच नका, हवेतल्या ओलीने क्लिअर पांढरा पडतो, जुलैमध्ये माझ्या दोन वॅगनवर दुधाळ डाग आले. चाकं जिथे रुळाला टेकतात तिथेही पावडर नको, खऱ्या गाडीत तो भाग घासून लखलखीत असतो आणि इथे रूळ घाण होतात ते वेगळंच.

आणि हो, बॉक्सएनएचएल (बॉक्सएनचाच नंतरचा प्रकार) असेल तर रस्टला हात लावू नका. तिची बॉडी स्टेनलेस स्टीलची असते, तिला पोचे चालतील, धूळ चालेल, काजळी चालेल, पण गंजाचे ओघळ दिसले की बाबांसारखा माणूस लगेच विचारणार.

आठ वॅगन झाल्यावर रस्टची वडी जेमतेम पाव भाग झिजलीये, म्हणजे अख्खा रेक एका डबीत निघेल. आता कोयलीच्या रिफायनरीसाठी दोन टँक वॅगन घेतल्यात, त्यांना पोचे नाहीत, वरच्या झाकणापासून खाली ओघळलेले तेलाचे काळे डाग हवेत. एकीवर सूटने करून बघितलं, फार कोरडं दिसलं, ओलं तेल वाटत नाही. त्यामुळे दुसरीवर रॉ अंबरमध्ये थोडा काळा घालून बघणार आहे, आणि बाबा रविवारी बाजव्याच्या प्लॅटफॉर्मवर येतो म्हणालेत, खरे डाग कसे पडतात ते बघायला.