शोरूममध्ये न खपलेली कॉन्टिनेंटल जीटी 535, उन्हाळा-पावसाळा चालवून झाल्यावर

आधीच सांगतो, ही रॉयल एनफिल्डची 650 नव्हे. दोन सिलिंडरची जीटी सगळ्यांना माहितीय, ही तिच्या आधीची, 2013 च्या शेवटी आलेली, एकाच सिलिंडरची 535. शिगम्याच्या आसपास सेकंडहँड घेतली, पिवळी, आता चवथ पण होऊन गेली, म्हणजे मे महिन्याचा घाम आणि जून-जुलैचा पाऊस दोन्ही बघून झालंय.

गोव्यात पिवळी बाइक म्हणजे पायलट, भाड्याने माणसं नेणारी मोटरसायकल, हे घेताना डोक्यातच आलं नव्हतं. पणजीत कदंब स्टँडच्या बाहेर मित्राची वाट बघत उभा होतो तर एक बाई दोन पिशव्या घेऊन सरळ आली, "पायलट, मार्केटात कितले?" म्हटलं बाय, मागे बसायला जागाच नाही, बघ, एकाचीच सीट आणि त्यामागे हे कुबड. तिने गाडी वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाली, "मगीर कित्याक ही?" म्हणजे मग ही कशाला? झालं, गाडी का खपली नाही ते त्या बाईने तीन शब्दांत सांगून टाकलं.

कारण बघा ना, आली तेव्हा दिल्लीत ऑनरोड 2.05 लाख होती. त्याच वर्षी केटीएमने 390 ड्यूक 1.80 लाख एक्स-शोरूमला आणून ठेवली होती, 43 हॉर्सपॉवरवाली, आणि इकडे 535 सीसी असून पॉवर 29. ज्याला स्पीड पाहिजे तो तिकडे गेला. ज्याला बुलेट पाहिजे त्याला बायको-पोरं, भाजी, गॅसचा सिलिंडर सगळंच न्यायचं असतं, त्याला हा खाली वाकून बसायचा प्रकार बघूनच पाठ दुखायला लागली. उरलो कोण तर आमच्यासारखे चार खुळे, आणि आमच्याकडे तेव्हा पैसे नव्हते. मग 2018 ला अडीच लाखाच्या आसपास 47 हॉर्सपॉवरची 650 आली आणि 535 चा विषयच संपला.

असलं बाहेर पण झालंय. होंडाने अमेरिकेत 1989-90 मध्ये जीबी 500 विकायचा प्रयत्न केला होता, 499 सीसी सिंगल, काळपट हिरवा रंग, सोनेरी पट्टे, जुन्या ब्रिटिश रेसरसारखं रूप. तेव्हा लोकांना प्लास्टिकने झाकलेल्या सुसाट गाड्या पाहिजे होत्या, ही पडून राहिली, डीलरनी डिस्काउंट देऊन काढली. आज तिथले शौकीन तीच हुडकत फिरतात. गंमत म्हणजे ते जीबी नाव होंडाने 2021 मध्ये जपानात परत काढलं ते जीबी 350 ला, आणि ती म्हणजे आपल्याकडची हायनेस सीबी 350 च.

जीटीचं मूळही असंच मजेशीर आहे. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात कायदा आला की लर्नर लायसनवर 250 सीसीच्या वरची गाडी चालवायची नाही, म्हणून तिकडच्या पोरांसाठी रॉयल एनफिल्डने 1965 च्या सुमाराला कॉन्टिनेंटल जीटी 250 काढली, लांब टाकी, खाली हँडल, पुढे वाकून चालवायची, म्हणजे कॅफे रेसर. आमची 535 त्याच रूपावर बेतलेली, पण फ्रेम ब्रिटनच्या हॅरिस परफॉर्मन्सने डिझाइन केलेली, पुढे ब्रेम्बोचा ब्रेक 300 मिलिमीटर डिस्कचा, मागे पायोलीचे शॉकअप, टायर पिरेलीचे. 2013 ला एनफिल्डवर हे नावाजलेलं परदेशी सामान म्हणजे मोठीच गोष्ट होती, फक्त कोणी बघितलं नाही.

आता चालवण्याचं. चोर्ला घाटात ही गाडी काय आहे ते कळतं. केरी सोडलं की तिसरा गिअर टाकायचा आणि बहुतेक वेळ तिथेच ठेवायचा, 44 न्यूटनमीटरचा टॉर्क खालूनच ओढतो, वळणात गाडी टाकली की टाकली तिथेच राहते, डुलत नाही, बुलेटवरून आलेल्या माणसाला आधी विश्वासच बसत नाही. 80-90 ला ती खूश, मीही खूश. शंभरच्या पुढे आरसा इतका थरथरतो की मागची गाडी ट्रक आहे की रिक्षा ते ओळखता येत नाही. ते सिंगलचं असंच, एवढा मोठा पिस्टन आणि थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नाही, मग हातापायाला मुंग्या येणारच. नंबरप्लेटच्या नटाला लॉकटाइट, म्हणजे नट ढिला होऊ न देणारा गोंद, लावा आणि विसरा.

पण शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घेऊन जाऊ नका. खाली हँडल, 184 किलो वजन, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत-सोडत, सगळा भार मनगटावर, इंजिनची वाफ मांडीवर, वर लोक विचारतात किती देते. पंचवीस ते तीस देते बाबा, टाकी साडेतेरा लिटरची. दिवाडी बेटावर जाताना फेरीबोटीत चढवताना ओल्या रॅम्पवर पण जपून, वजन पुढे असल्यामुळे मागचं चाक जरा घसरतं.

पावसाबद्दल मात्र नीट वाचा, आमच्याकडे गाडीला मारते ती हवा. पहिल्या पावसात कव्हर घालून ठेवली तर आठवड्याभरात सीटवर हिरवी बुरशी, स्पोकच्या निपलवर पांढरी पावडर. कव्हरच्या आत दमट हवा कोंडते. आता बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, उघडीच ठेवतो, वारा लागू देतो, रात्री फडक्याने पुसतो आणि क्रोमवर तेलाचा हात फिरवतो. किनाऱ्याजवळ राहत असाल तर हे सगळं डबल.

सामानाचं म्हणाल तर इंजिन एनफिल्डच्या 500 च्याच घराण्यातलं, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच 90 मिलिमीटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) 84 चा 87 केला की 499 चे 535 होतात. म्हणून फिल्टर, केबल वगैरे रोजचं सामान जमून जातं, माझा फोंड्याचा मिस्त्री तर बघत पण नाही कुठली गाडी आहे ते. अडतं ते दिसणाऱ्या सामानाला, टाकी, सीटचं कुबड, मीटर, ओरिजिनल सायलेन्सर.

आणि कलेक्टरवाली खरी गंमत तिथेच आहे. गाडी ज्यांनी घेतली त्यातल्या बऱ्याच जणांना ती तशी पचलीच नाही, मग कोणी उंच हँडल लावलं, कोणी बायकोसाठी डबल सीट, कोणी फटफट सायलेन्सर, आणि काढलेलं सामान भंगारात. मुळात कमी खपली आणि जेवढी खपली त्यातली पण जशीच्या तशी राहिली ती अजून कमी. आज बघायला येणारा माणूस आधी कुबड बघतो, मग हँडल बघतो, इंजिनचा आवाज सगळ्यात शेवटी. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी गाडी शोरूममध्ये पाडली त्याचेच आता पैसे मिळतात.

तरीपण "विंटेज होणार, ठेवून द्या" असं सांगणाऱ्या दलालांचं ऐकू नका. कायद्याने विंटेज म्हणजे 50 वर्षांच्या वरची गाडी, ही 2014 ची असेल तर 2029 ला पंधरा वर्षं भरून पासिंग रिन्यू करायला लागणार, आणि गोव्याच्या हवेत नुसती उभी केलेली गाडी गंजून किंमत कमीच होते. पैसे गुंतवायचे असतील तर दुसरं काहीतरी बघा. चालवायची असेल तर घ्या, पण बघताना कुबडाच्या खालचे बोल्ट उघडून बघा, टाकीच्या आत टॉर्च मारा, फ्रेमला कुठे वेल्डिंग केलंय का ते हात फिरवून बघा, आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून घ्या, विकणाऱ्याने वाचून दाखवला तर नको.

माझ्या गाडीला आधीच्या मालकाने लावलेला फटफट्या सायलेन्सर अजून तसाच आहे, चलानची भीती वेगळी आणि पहाटे साडेपाचला गाडी काढली की शेजारचे काका खिडकी आपटतात ते वेगळं. कोणाकडे 535 चा ओरिजिनल सायलेन्सर माळ्यावर पडलेला असेल, थोडा गंजलेला पण चालेल, तर सांगा, डिचोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही येऊन घेऊन जाईन.