तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि तान्हे बाळ: हलक्या बाबागाडीचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमचे घर कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. फाटकापासून दारापर्यंत ५४ पायऱ्या आहेत, प्रत्येक मजल्याच्या मध्यावर अरुंद वळण आहे, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणाशी कुंड्या ठेवलेल्या असल्यामुळे तिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. फेब्रुवारीत आम्हाला मुलगी झाली. मागच्याच आठवड्यात तिला नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस देऊन आणले. सहाव्या आठवड्याच्या लसीला जी बाबागाडी पहिल्यांदा खाली उतरवली होती, तीच या वेळीही बरोबर होती. गाडी शोधत होते तेव्हा ज्या गोष्टी मला कोणी सांगितल्या नाहीत आणि वापरूनच कळल्या, त्या इथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे आधी दुसरीच गाडी आली होती. बारशाच्या वेळी मावसबहिणीने तिची मोठी प्रॅम प्रेमाने दिली. मोठी चाके, जाड गादी, बाळाला पूर्ण आडवे झोपवण्याची सोय. रस्त्यावर तिच्यासारखी गाडी नाही, हे आजही मान्य करते. पण तिचे वजन साडेअकरा किलो होते आणि माझे सिझेरियन झालेले होते. बाळापेक्षा जड काहीही सहा आठवडे उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. प्रॅम वर आणणे शक्य नव्हते, म्हणून ती जिन्याखाली ठेवली. तिसऱ्याच दिवशी गादीवर मांजर झोपलेले दिसले, आठवड्याभरात टपावर धुळीचा थर बसला, आणि सोसायटीनेही जिन्याखालची जागा मोकळी करायला सांगितले. त्यांचे म्हणणे बरोबरच होते, कारण आग लागली तर बाहेर पडायला तो एकच मार्ग आहे. प्रॅम परत पाठवली.

मग साहजिकच सगळ्यात हलकी कोणती, हा शोध सुरू झाला. छत्रीसारखी मिटणारी गाडी प्रथम १९६५ साली ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने तयार केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस; त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून गाडीचे वजन तीन किलोच्या आत आणले. त्याच पद्धतीच्या साडेतीन-चार किलोच्या गाड्या आज आपल्याकडेही सहज मिळतात, आणि ५४ पायऱ्यांचा विचार केला तर तीच घ्यावी असे वाटते. परंतु अशा बहुतेक गाड्यांमध्ये पाठ थोडीशीच मागे जाते आणि बसायची जागा झोळीसारखी खोलगट असते. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. अशा आसनात त्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग दबू शकतो. त्यामुळे मान चांगली सावरून बाळ आधाराने बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापर्यंत, ती गाडी उपयोगाची नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. बाळाला सपाट झोपवायचे तर पाठीचा सांगाडा लांब लागतो, टप मोठा लागतो, आणि या दोन्हींमुळे वजन वाढते. सहा ते सात किलोच्या खाली पूर्ण सपाट होणारी गाडी मला माझ्या खर्चाच्या मर्यादेत मिळाली नाही.

दुकानात जाताना माझे पती प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हातकाटा बरोबर घेऊन गेले, आणि त्या काट्यामुळे आमचे बरेच पैसे वाचले असे मी म्हणेन. खोक्यावर ५.८ किलो छापलेली एक गाडी काट्यावर ६.९ किलो भरली. विक्रेत्याला विचारल्यावर कळले की छापलेले वजन टप, पुढचा आडवा दांडा आणि खालची टोपली काढून घेतलेले आहे. तान्ह्या बाळाला टपाशिवाय उन्हात कोण नेणार? आम्ही शेवटी घेतलेली गाडी सर्व सामानासह ६.६ किलो भरते. तिची पाठ जवळजवळ सपाट होते, घडी घातल्यावर ती साधारण ५५ सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर रुंद राहते, आणि तिला खांद्यावर अडकवायचा पट्टा आहे. किंमत १२,५०० रुपये पडली. ईएन १८८८ या युरोपीय मानकाचा उल्लेख तिच्यावर होता, म्हणजे ब्रेक, घडीची कडी, तोल आणि बोटे अडकतील अशा फटी यांची तपासणी अपेक्षित असते. तो उल्लेख नसलेल्या गाड्या आम्ही बाजूला ठेवल्या.

आता जिन्याविषयी सांगते, कारण सगळ्या निवडीचा कस तिथेच लागतो. मी आधी असे धरून चालले होते की एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन उतरायचे. घरातच बाळाऐवजी चार किलो तांदळाची पिशवी कडेवर घेऊन पाहिली आणि पहिल्याच वळणावर लक्षात आले की कठड्याला धरायला हातच उरत नाही. माझे पाऊल चुकले तर आम्ही दोघी खाली जाणार होतो. त्या दिवशी ठरवले की जिन्यात एक हात कायम कठड्यावर असेल आणि बाकीचे सगळे त्याप्रमाणे जुळवायचे. म्हणून बाळ छातीशी बांधायच्या कॅरियरमध्ये, गाडी पट्ट्याने उजव्या खांद्यावर आणि डावा हात कठड्यावर, अशी पद्धत बसवली. सहाव्या आठवड्यात मुलगी चार किलो शंभर ग्रॅम होती आणि आमच्या कॅरियरसाठी लागणारे किमान वजन तिने गाठलेले होते. तरी पहिले काही आठवडे गाडी आईच खाली नेत असे. मी ती स्वतः उचलायला लागले ते टाके पूर्ण बरे असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर.

या पद्धतीत वजनापेक्षाही घडी कशी बसते याला जास्त महत्त्व आहे. आमच्या गाडीची जाहिरात एका हाताने मिटणारी अशी होती. ते खरे आहे, पण त्याआधी पाठ उभी करावी लागते, टप मागे ढकलावा लागतो आणि पुढची चाके सरळ रेषेत असावी लागतात. एखादे चाक तिरके राहिले की कडी बसत नाही आणि जिन्याच्या मध्यावर गाडी उलगडू लागते. माझ्या बाबतीत हे एकदा झाले. सुदैवाने ते पहिल्या मजल्याच्या वळणावर झाले आणि खालच्या काकू दारातच उभ्या होत्या. तेव्हापासून कडीचा 'टक्' असा आवाज ऐकल्याशिवाय मी गाडी खांद्याला लावत नाही. घडी घातलेली गाडी आपली आपण उभी राहते की नाही, हेही दुकानात जरूर पाहावे. आमची उभी राहते, म्हणून ती दारामागे वीतभर जागेत मावते आणि कुलूप उघडताना भिंतीला टेकवून ठेवता येते.

तान्हेपणी आतल्या गादीबाबत घरात थोडा वाद झाला. सासूबाईंनी मोहरीची उशी शिवून आणली होती आणि ती गाडीतही ठेवावी अशी त्यांची इच्छा होती. डॉक्टरांनी उशी नको, सैल कापड नको, असे स्पष्ट सांगितले. शेवटी त्यांच्याच जुन्या सुती लुगड्याचे दुपटे चौपदरी करून, चारही कोपरे गादीखाली घट्ट खोचून अंथरले. सासूबाईंच्या हातचे काही तरी बाळाजवळ राहिले आणि गादी सपाटही राहिली.

रस्त्यावर छोट्या चाकांची मर्यादा लगेच कळते. आमच्या गाडीची चाके जेमतेम १४ सेंटिमीटर व्यासाची आहेत. कर्वे रस्त्याच्या पदपथावरच्या उखडलेल्या फरशीत पुढचे चाक अडकले की गाडी जागीच थांबते आणि आपण तिच्यावर झुकतो. अशा ठिकाणी मी गाडी वळवून मागच्या चाकांवर ओढत नेते. जंगली महाराज रस्त्याचा रुंद पदपथ मात्र या गाडीला फार मानवतो, आणि संभाजी उद्यानापर्यंत तिला घेऊन जाणे हा आमच्या दोघींचा आवडता कार्यक्रम झाला आहे. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट आहे आणि रुंद फाटकही आहे, त्यामुळे तिथे गाडी मिटावी लागत नाही. रिक्षात ती मिटून पायाशी बसते.

ब्रेकविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण आपण बहुतेक जणी घराजवळ चपला घालूनच फिरतो. काही गाड्यांचा ब्रेक लावायला पट्टी खाली दाबायची असते आणि सोडवायला ती पायाच्या बोटांनी वर उचलायची असते. आमच्या गाडीला तसाच ब्रेक आहे. चप्पल घातलेल्या पायाने ती पट्टी दिवसातून सात-आठ वेळा उचलली की अंगठ्याजवळची कातडी सोलवटते. एकदा दाबले की लागतो आणि पुन्हा दाबले की सुटतो, असा ब्रेक असलेली गाडी थोडी महाग पडली तरी घ्यावी, असे माझे आता पक्के मत आहे. दुसरे म्हणजे हँडलला भाजीची पिशवी अडकवू नये. गाडी हलकी आणि बाळही हलके. दोन किलोची पिशवी मागे लटकली की पुढची चाके उचलली जातात, आणि बाळाला उचलून घेतल्याक्षणी गाडी मागे कोसळते. सामान खालच्या टोपलीतच ठेवावे.

एप्रिल आणि मे महिन्यांत गाडीचे काळे कापड हा त्रासाचा विषय झाला. अकरा वाजता उन्हात पाच मिनिटे उभी राहिलेल्या गाडीच्या पट्ट्याचे बक्कल इतके तापले होते की मलाच चटका बसला. तेव्हापासून बाळाला ठेवण्याआधी गादीवर आणि बक्कलवर तळहात ठेवून पाहायची सवय लागली. अनेक जण उन्हापासून वाचवण्यासाठी टपावरून खालपर्यंत ओढणी पांघरतात. तसे करू नये, कारण आतली हवा कोंडते आणि बाहेरपेक्षा आत जास्त उकडते. आम्ही बाहेर पडायची वेळच सकाळी आठच्या आत आणली.

पावसाळ्यात वेगळी काळजी होती. जुलैमध्ये चार दिवस गाडी मिटलेली राहिली आणि पाठीच्या कापडावर बुरशीचे ठिपके आले. कापड काढून धुता येते, हे घेताना पाहिले होते म्हणून निभावले. मात्र ते वाळायला तीन दिवस लागले आणि परत बसवताना पाच टोकांच्या पट्ट्याची एक दोरी चुकीच्या फटीतून गेल्याचे रात्री लक्षात आले. कापड काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. चिखलाची चाके दारातच ओल्या फडक्याने पुसते आणि आसांवर महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडते. तरीही सहाव्या महिन्यात पुढच्या उजव्या चाकाला खेळ आला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. विकणाऱ्याने सुटे चाक मिळत नाही असे सांगून नवीन गाडीच सुचवली, याचे मला वाईट वाटले. शेवटी सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी आत एक वायसर घालून ते चाक वीस रुपयांत नीट करून दिले, आणि ते अजून चालते आहे.

मुलगी आता सव्वाआठ किलोची आहे. ती आणि गाडी मिळून जवळजवळ पंधरा किलो अंगावर घेऊन ५४ पायऱ्या चढणे माझ्या पाठीला आता झेपत नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या व्हरांड्यातला एक कोपरा देऊ केला आहे. सकाळी कामावर जाताना माझे पती गाडी तिथे नेऊन ठेवतात आणि संध्याकाळी वर आणतात, त्यामुळे दिवसभर मला फक्त मुलीलाच घेऊन उतरावे लागते. मांजर आत शिरू नये म्हणून जुन्या चादरीची, वर नाडी ओवलेली पिशवी शिवली आहे. त्यात मिटलेली गाडी पूर्ण मावते.