केळीच्या रानात जिवाणू खते: दीड वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे रान रावेर तालुक्यात, तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत आहे. वडिलांच्या काळी तिथे ज्वारी, उडीद, कपाशी, हरभरा अशी फेरपालट होत असे आणि कोणत्या पिकाचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, कोणाला मानवतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ठिबक आले, उतिसंवर्धित रोपे आली आणि गेली बारा वर्षे या रानाने केळीशिवाय दुसरे पीक पाहिले नाही. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेली केळी, निघाली की पिलबाग, म्हणजे त्याच बुंध्यांच्या पिलांवर धरलेले पुढचे पीक. खताची मात्रा वाढवूनही पाने पिवळी पडू लागली, म्हणून गेल्या वर्षीच्या जूनमध्ये एका एकरात द्रवरूप जिवाणू खते, म्हणजे हवेतले नत्र (नायट्रोजन) जमिनीत आणणारे अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, वापरायला सुरुवात केली. शेजारचा एकर तुलनेसाठी नेहमीच्या रासायनिक खतांवरच ठेवला.

पहिले चार महिने काहीही फरक दिसला नाही. पहिल्या बाटल्या ज्या दुकानातून आणल्या, तिथे त्या अख्खा मे महिना पत्र्याच्या छताखाली पडून होत्या. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्यांतले किती जिवाणू जिवंत राहिले असतील, याचा विचार मी तेव्हा केला नाही. दुसऱ्या खेपेस माल ताजा होता, पण दोनच दिवसांपूर्वी कंदकुजीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांबेयुक्त बुरशीनाशकाची आळवणी झालेली होती, म्हणजे त्याचे द्रावण मुळाशी ओतलेले होते, आणि तांबे रोगकारक बुरशी व उपयोगी जिवाणू असा भेद करत नाही. त्यानंतर मी बाटलीवरची उत्पादनाची तारीख पाहून खरेदी करतो, रासायनिक आळवणीनंतर किमान पंधरा दिवस थांबतो आणि जिवाणू संध्याकाळीच, ओल्या जमिनीत सोडतो.

फरक मोजायचा कसा, हा प्रश्न होताच. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. त्यांत सेंद्रिय कर्ब आहे, पण सूक्ष्मजीवांची मोजणी नाही. म्हणून जुन्या सुती धोतराचे सारखे तुकडे करून ते दोन्ही एकरांत आणि बांधावरच्या निंबाखाली वीतभर खोल पुरले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असल्याने तो खाणारे जीव जमिनीत असतील, तर कापड विरते. दोन महिन्यांनी उकरले तेव्हा दोन्ही एकरांतले तुकडे मळलेले पण धड होते, तर निंबाखाली, जिथे कधी नांगर फिरला नाही आणि पालापाचोळा दरवर्षी तिथेच कुजतो, तिथे केवळ शिवणीचा दोरा हाती आला. त्या दिवशी मला बाटलीची मर्यादा कळली. बाहेरून आणलेल्या जिवाणूंना आमच्या रानात खायलाच काही नव्हते.

रासायनिक खत म्हणजे विष, असे मी मुळीच म्हणणार नाही. युरियाचा अमोनिया करणारे विकर (एन्झाइम) मुख्यतः सूक्ष्मजीवच तयार करतात आणि पुढे नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. म्हणजे युरियासुद्धा त्यांच्याच जिवावर पिकाला लागू पडतो. देशात 1970-71 साली सुरू झालेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांतही केवळ नत्र दिलेल्या जमिनीपेक्षा संतुलित खतांबरोबर शेणखत मिळालेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आणि सूक्ष्मजीवांचे वस्तुमान अधिक आढळले आहे. आमच्याकडे नत्र वर्षभर ठिबकमधून जात होते, पण कर्ब परत जात नव्हता, कारण कापणीनंतरची खोडे आम्ही ओढून बांधावर टाकत होतो. स्फुरदाचेही तसेच: आमच्या चुनखडीयुक्त जमिनीत त्याचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जातो, तरी आम्ही दरवर्षी वरून आणखी टाकत होतो, आणि मुळांना स्फुरद पोचवणाऱ्या मायकोरायझा बुरशीला जास्त स्फुरद मानवत नाही.

सातव्या महिन्यापासून जिवाणूंच्या एकरात कुजलेले शेणखत दिले आणि युरिया पाव हिश्शाने कमी केला. पाने पिवळी पडली नाहीत. घडाच्या वजनात मात्र सांगण्यासारखा फरक पडला नाही आणि शेणखताचा व मजुरीचा खर्च धरला, तर पहिल्या वर्षी पैसे वाचले, असेही म्हणता येणार नाही. यंदा जुलैत कापणी संपल्यावर पिलबाग न धरता त्या एकरातली खोडे बारीक करून जमिनीत गाडली. ताजी खोडे कुजताना जिवाणू जमिनीतले नत्र काही काळ स्वतःकडे ओढतात, म्हणून लगेच पेरणी न करता पावसाळा जाऊ दिला. सप्टेंबरअखेर तिथे पुरलेल्या धोतराची जाळी झाली होती; शेजारच्या तुकड्यावर काठ अजून ओळखू येत होता.

ऑक्टोबरमध्ये दोन्ही एकरांत हरभरा पेरला. बियाण्याला हरभऱ्यासाठीचे रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू, गुळाच्या पाण्यात कालवून चोळले आणि ते सावलीत सुकवले. परवा दोन्हीकडची पाच-पाच झाडे मुळांसकट उपटली. रासायनिक एकरात झाडे उंच, पण गाठी तुरळक होत्या. जमिनीत आयते नायट्रेट असले, की हरभरा फारशा गाठी धरत नाही. जिवाणूंच्या एकरात झाडे किंचित बुटकी असली, तरी मुळांवर गाठींचे घोस होते आणि नखाने फोडलेली प्रत्येक गाठ आतून गुलाबी, म्हणजे नत्राचे काम चालू असलेली, निघाली.