नव्या अकूस्टिक गिटारचे फ्रेट: दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुमारास कुरिअरने मागवलेली अकूस्टिक गिटार आता श्रावणापर्यंत वाजवून झाली. गाव विदर्भातल्या आर्वी तालुक्यातलं, म्हणजे हिवाळा, आपल्याकडचा वैशाख आणि अर्धा पावसाळा तिने बघितला. दहा हजारांच्या आतली, रोझवूडच्या फ्रेटबोर्डची (नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब मानेवर, तारांखाली बसवलेली लाकडी फळी), ६५० मिलिमीटर स्केलची, म्हणजे तारेचा वाजणारा भाग एवढा लांब. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या किमतीच्या बहुतेक नव्या गिटारींना लागू पडतं. आवाज, पॉलिश, बॅग यांवर सगळेच लिहितात. मी फ्रेटबद्दल, म्हणजे फ्रेटबोर्डवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांबद्दल लिहितोय, कारण वाजवताना बोट तिथेच पडतं आणि नागपूरपासून लांब राहणाऱ्या माणसाला ते काम घरीच करावं लागतं.

खोक्यातून काढली तेव्हा गिटार दिसायला झकास होती. पण तार दाबून बाजूला ओढली की बोटाखाली खरखर लागायची. फ्रेटच्या पट्ट्या निकेल सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त एवढंच असतं. कारखान्यात पट्ट्या सपाट करताना त्यांवर बारीक ओरखडे पडतात. ते घालवायला शेवटचं पॉलिश करावं लागतं, आणि स्वस्त गिटारीत नेमकं तेच आवरतं घेतलेलं असतं. त्यात तांब्यामुळे पट्टी गोदामात पडून काळवंडते.

पुसायला घेण्याआधी तपासणी करा, हे मी आग्रहाने सांगेन. संध्याकाळी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च फ्रेटबोर्डला जवळजवळ चिकटून आडवा धरा. ओरखडे, गोंदाचे थेंब, पट्टी आणि लाकूड यांच्यातली फट, सगळं उघडं पडतं. मग नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात हलकेच फिरवा. पट्टीची टोकं टोचली तर तिथेच कळतं.

उंच पट्टी शोधायला महागडं अवजार नको. जुनं एटीएम कार्ड चालतं, फक्त त्याची कड सरळ असायला हवी. लांब बाजू साधारण ८६ मिलिमीटर, आखूड ५४. पहिल्या दोन-तीन फ्रेटांपाशी लांब बाजू तीन पट्ट्यांवर टेकते, पाचव्यापासून पुढे आखूड, आणि बाराव्याच्या पुढे कार्डाचा कापलेला तुकडा. कार्ड तीनही पट्ट्यांवर गप्प बसलं तर ठीक. टकटक डुललं तर मधली पट्टी उंच आहे.

आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "काऊन रे बावा, हे तार चौथ्या पट्टीवर काऊन किरकिरते?" त्यांचा कान बरोबर होता. मात्र चौथ्या फ्रेटवर बोट ठेवल्यावर तार किरकिरत असेल, तर दोष बहुधा त्याच्या पुढच्या पट्टीत असतो, कारण थरथरणारी तार तिच्यावर घासते. कार्डही पाचव्यावरच डुललं. त्या पट्टीचं एक टोक लाकडात नीट बसलेलं नव्हतं, कागदाची कड खाली शिरत होती. गावातल्या सुतारकाकांनी नेकखाली तुरीच्या डाळीची घट्ट बांधलेली पिशवी ठेवली, पट्टीवर सागाचा छोटा ठोकळा धरला आणि हलक्या हाताने ठोकून टोक बसवलं. त्यानंतर किरकिर आजतागायत नाही. पट्टी पूर्ण बसलेली असूनही उंच असेल, तर मात्र कानस लावायला कारागीरच हवा.

आता सफाई. तारा हळूहळू सैल करून काढल्या. साउंडहोलवर, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकावर, कागद चिकटवला, म्हणजे घासताना पडणारा लोखंडी कीस आत जात नाही. मग प्रत्येक दोन पट्ट्यांमधलं लाकूड मास्किंग टेपने झाकलं. टेप रंगाच्या दुकानात मिळते. ती आधी सदऱ्यावर एकदा चिकटवून काढावी, म्हणजे गोंद कमजोर होतो आणि नंतर लाकडाचे तंतू उपटून येत नाहीत. घासायला चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल घेतली. ती आमच्याकडच्या हार्डवेअरवाल्याकडे नव्हती, ऑनलाइन मागवली. भांड्यांची तारेची घासणी तिच्या जागी अजिबात वापरू नका, ती नवे ओरखडे पाडते. पट्टीच्या लांबीच्या दिशेने, जोर न लावता घासत राहायचं. नंतर जुन्या बनियनच्या मऊ कापडाने पुसायचं. कापड काळं होतं, ते पट्टीवरचं काट, म्हणजे काळवंडलेला थर आहे. नवं कापड काळं होईना की थांबा. घरचा कापूस मुबलक असला तरी पुसायला बनियनच बरा, कापसाचे तंतू पट्टीच्या कडेला अडकून बसतात. पडलेला लोखंडी कीस मी जुन्या स्पीकरच्या चुंबकाला कागद गुंडाळून टिपला. फुंकर मारू नये, कीस डोळ्यांत जातो.

देवाची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू यांपासून फ्रेटबोर्ड लांब ठेवा. आंबटपणा लाकडात मुरतो आणि पावडर कडेला साचते. फ्रेटबोर्डसाठी जे लेमन ऑइल मिळतं ते लिंबाचा रस नव्हे, बहुतेक बाटल्यांत वास घातलेलं खनिज तेल असतं. त्याचे दोन-चार थेंब कापडावर घेऊन लाकडाला लावले आणि लगेच पुसून टाकले. आमच्या घरी जवसाचं तेल असतंच, पण कच्चं जवस तेल सुकायला फार वेळ घेतं, तोवर चिकट राहतं आणि धूळ धरतं. खोबरेल कालांतराने खवट होतं. मेपलच्या फ्रेटबोर्डला लॅकर असेल तर तेलच नको.

फरक पहिल्याच संध्याकाळी कळला. तार पट्टीवरून सुळकन सरकते, ओढलेला सूर मध्ये अडत नाही. आमच्या मंडळात पेटी काळी एकमध्ये, म्हणजे गिटारवाल्यांच्या सी शार्पमध्ये लागते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी कॉर्डचा आकार धरला की तोच सूर येतो. बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आता पेटीच्या एकाच सुराला जुळतात. हे जुळणं खोगीर (पोटाकडे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तारांच्या उंचीवरही अवलंबून असतं, म्हणून सगळं श्रेय सफाईला देणार नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये झाली. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारची हवा पार कोरडी होते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड रुंदीत आक्रसतो, धातूची पट्टी मात्र तेवढीच राहते, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. नव्या गिटारीत लाकूड पुरतं मुरलेलं नसेल तर हे जास्त होतं. माझ्या गिटारीची पातळ तारांच्या बाजूची टोकं बोटाला लागायला लागली. सोनारकामाची बारीक कानस हाताशी होती, तरी घाई केली नाही. आधी लाकडाला ओलावा द्यावा आणि मगही टोचलं तरच कानस लावावी. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घातला आणि ती डबी बंद केसमध्ये नेकच्या डोक्यापाशी ठेवली. कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवू नये. तिथे दमट, बाहेर पडलं की भट्टी, आणि लाइन गेली की पुन्हा कोरडं, या ओढाताणीत नेक हलतो. स्पंजच्या ओलाव्याने टोकं बरीचशी आत गेली. पावसाळ्यात उरलेलीही गेली, कानस लागलीच नाही.

पावसाळ्याची अडचण वेगळी आहे. घामाचा हात आणि ओली हवा यांनी पट्ट्या लवकर मंद पडतात, कडेला हिरवट छटा येते. वाजवून झाल्यावर तारा आणि पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या की एवढ्यावर भागतं. स्टील वूल दर वेळी लावायची नसते, ती थोडा का होईना धातू खाते.

झीज म्हणाल तर पहिल्या दोन तारांखाली, पहिल्या तीन फ्रेटांवर पुसटशा खुणा दिसतात. पोलादी तार निकेल सिल्व्हरपेक्षा कठीण, त्यामुळे हे होणारच. नख अडत नाही, म्हणजे काळजी नाही.

गिटार मागवणार असाल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत टॉर्च आणि कार्डाची तपासणी उरका. खरखर, काट, न बसलेलं टोक हे सगळं घरी निस्तरता येतं. पण नेकला डोक्याकडून बघताना पीळ दिसला, तर ती गिटार ठेवून घेऊ नका.