टेलि-मानस १४४१६ : फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका

माझा थोरला कोल्हापूर-मुंबई स्लीपर कोचवर ड्रायव्हर आहे. रात्री गाडी सुटली की मला आधी खंबाटकीचा घाट दिसायला लागतो, मग बोरघाट. छातीत धडधड, पोटात गोळा, डोळ्याला डोळा नाही. ह्यांचं आपलं एकच, "उगाच काळजी करत बसू नकोस." काळजी काय कुणी हौसेनं करतं का?

आधी मुलीने वर्षाचे पैसे भरून मोबाईलवर ध्यानाचं एक ॲप घालून दिलं. नाव लिहीत नाही. आवाज गोड, पण एखादा दिवस चुकला की 'तुमची साखळी तुटली' म्हणून मेसेज. घरात काळज्या कमी पडत होत्या म्हणून ही आणखी एक!

मग टेलि-मानसला फोन लावला. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सुरुवातीला रेकॉर्ड केलेला आवाज भाषा विचारतो, तिथे गोंधळून फोन ठेवू नका. पुढे माणूस येतो.

माझ्याशी बोलल्या त्या मॅडम तरुण वाटल्या. 'धीर धरा' वगैरे काही नाही. झोप किती, भूक कशी, जीव नकोसा वाटतो का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काकू, गाडी चहाला कुठे थांबते?" हे घरात कुणाला सुचलं नव्हतं. ठरलं असं, की गाडी थांबली की त्यानेच 'ओके' टाकायचं, मी मधे फोन लावायचा नाही. आणि हळूहळू तो मेसेजही कमी करत आणायचा.

दुसरं सांगितलं ते ऐकून हसूच आलं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की वही घेऊन अर्धा तास काळजीच करायची. दिवसभरात विचार आला तर 'संध्याकाळी बघू' म्हणून कामाला लागायचं. मुलीने शोधलं, तर थॉमस बोर्कोव्हेक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच हे तपासून लिहून ठेवलंय. माझ्या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे हातात असलेलं : 'टायर बदलले का विचारणे', 'विम्याचा हप्ता'. उजवीकडे 'घाटात धुकं'. आता धुक्याचं मी काय करणार? बऱ्याचदा अर्धा तास व्हायच्या आतच लिहायला काही सुचत नाही, मग भाकऱ्या थापायला उठते.

काळजी पार गेली असं नाही. पावसाळ्यात अजून मध्यरात्री जाग येते. आणि फोनवरचं बोलणं म्हणजे पूर्ण उपचार नव्हेत. गरज असेल त्याला तिथूनच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात, तेव्हा जायला लाजू नका.

माझ्याकडून पाचपैकी पाच. फोन मात्र गच्चीवर जाऊन करा. स्वयंपाकघरातून केला की आमच्या सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करतात.